गोधडीवरच्या खडूच्या रेघा वाळल्यावर परत का दिसतात?

गोधडी शिवून झाली, कडा मुडपून झाल्या, पण नक्षी आखताना ओढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रेघा तशाच राहिल्या. ओल्या फडक्यानं पुसल्या की त्या नाहीशा होतात आणि पंख्याखाली वाळल्या की पुन्हा उमटतात. मग माणूस जास्त जोरानं चोळतो, गरम पाणी घेतो, शेवटी इस्त्री फिरवतो. साधी रेघ कायमची होते ती बहुतेक वेळा याच क्रमानं.

पाण्यानं रेघ गेलेली नसते, फक्त दिसेनाशी होते. शिंपीकामाचा खडू म्हणजे शंखजिरं, चिनीमाती किंवा चुनखडी यांची बारीक पूड, थोडा रंग आणि ती धरून ठेवणारा बांधक. या खनिजांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यांच्यात शिरताना किती वळतो याचं माप, साधारण 1.5 ते 1.6 असतो आणि हवेचा 1. एवढ्या फरकामुळे कोरड्या कणांवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रेघ उठून दिसते. कणांमधल्या हवेची जागा पाण्यानं घेतली (पाण्याचा अपवर्तनांक 1.33) की फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि पांढरी रेघ कापडात मिसळून जाते. पाणी उडालं की हवा परत येते आणि रेघही परत दिसते. म्हणून रेघ गेली की नाही याचा निकाल ओल्या कापडावर लावू नये. कापड पूर्ण वाळू द्यावं, खिडकीशी न्यावं आणि तिरप्या उजेडात बघावं.

पाणी लावण्याआधी खडू कोणता आहे हे कळायला हवं. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीतल्या शिवणसाहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या वड्यांवर घटक लिहिलेले नसतात, पण दोन सोप्या चाचण्या घरी होतात. खडूची थोडी पूड पांढऱ्या कागदावर खरवडा, वर दुसरा कागद ठेवा आणि गरम इस्त्री दहा सेकंद दाबा. कागदावर तेलकट, आरपार दिसणारा डाग पडला तर खडू मेणाचा. पूड कोरडीच राहिली तर तो मातीचा. दुसरी चाचणी मातीच्या खडूसाठी. पुडीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि ती व्हिनेगरमध्ये विरघळते. बुडबुडे आले नाहीत तर पूड शंखजिऱ्याची, चिनीमातीची किंवा जिप्समची आहे. त्यावर व्हिनेगर लावून काहीच साधत नाही. ‘खडूवर व्हिनेगर लावा’ हा सल्ला एका घरी लागू पडतो आणि दुसऱ्या घरी फसतो, त्याचं कारण हेच.

कापसाचा एक तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. खडूचे बरेच कण त्याहून बारीक असल्यामुळे उभ्या-आडव्या धाग्यांच्या खाचांत सहज बसतात. नव्या कापडाला खळ असते, तेव्हा खडू त्या थरावरच राहतो आणि झटकला तरी निघतो. गोधडीला मात्र आपण अनेकदा वर्षानुवर्षं धुतलेली सुती साडी घेतो. तिची खळ केव्हाच गेलेली असते, वर बारीक लव उठलेली असते आणि ती लव कण धरून ठेवते. त्यात धावदोरा नेमका रेघेवरूनच जातो. सुई पूड आत ढकलते आणि टाका तिला वरून दाबून ठेवतो. त्यामुळे दोन टाक्यांमधली रेघ जाते आणि टाक्याखालचे ठिपके उरतात.

सुरुवात कोरडीच करा. गोधडी दोरीवर उलटी टाकून मागच्या बाजूनं तळहातानं थापटा. मग ती सपाट पसरून मऊ टूथब्रश हलक्या हातानं एकाच दिशेनं, रेघेला आडवा फिरवा. गोल चोळू नका, त्यानं कण आणखी खोल जातात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधा, म्हणजे सैल टाके ओढले जाणार नाहीत. राहिलेल्या पुडीवर चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला. मातीच्या खडूचा मोठा भाग इथेच निघतो. या कामाला अर्धा तास खुशाल द्यावा, कारण पाणी लागल्यावर हेच कण चिखल होऊन बसतात.

नंतर रंगाची परीक्षा. लाल, मरून, काळा, गडद निळा, अशा प्रत्येक तुकड्यावर ओलं पांढरं सुती फडकं पाच मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर त्या भागावर पाणी वापरू नका, कोरडी सफाई आणि ड्रायक्लीनर एवढेच मार्ग उरतात.

रंग पक्का असेल तर एक लिटर थंड पाण्यात लहान चमचाभर (5 मिलि) सौम्य लिक्विड डिटर्जंट घाला, फेटा आणि फक्त वरचा फेस वापरा. गोधडीत चार-पाच पदर असतात. वरून पाणी ओतलं तर सुटलेला रंग आणि साबण आतल्या पदरांत उतरतो आणि वाळताना पाण्याबरोबर पुन्हा वर येऊन कडेला कडं धरतो. फेसात पाणी कमी असतं, म्हणून काम वरच्या पदरापुरतं राहतं. फेस रेघेवर ब्रशनं हलका लावा, दोन मिनिटं थांबा, पांढऱ्या फडक्यानं टिपून घ्या. मग स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दोन-तीनदा टिपा. चुनखडीचा खडू असेल तर फेसाच्या आधी एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी कापसाच्या बोळ्यानं लावून पाच मिनिटांनी टिपता येतं. त्याच्या आगेमागे ब्लीच मुळीच लावू नका. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. शिवाय पिवळ्या-तांबड्या खडूत अनेकदा लोहाचे ऑक्साइड असतात, त्यांच्यावर ब्लीचचा काही परिणाम होत नाही. साडीचा रंग तेवढा उडतो.

डिटर्जंटचे रेणू कणाला आणि धाग्याला, दोघांनाही वेढून ऋणभारित करतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून सुटलेला कण परत चिकटत नाही. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम हा भार मारतं आणि पूड पुन्हा कापडावर बसते. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी असेल तर ही अडचण सहसा येत नाही. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे मात्र साबणाची वडी टाळावी. साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर चिकट साका बनवतो आणि तो खडूच्याच रेघेवर बसतो. या कामापुरतं दोन बादल्या नळाचं पाणी बाजूला काढून ठेवलेलं बरं.

मेणाच्या खडूची गोष्ट वेगळी. मेण साधारण 50 ते 70 अंशांना वितळतं आणि सुती कापडासाठी लावलेली इस्त्री 200 अंशांच्या आसपास तापते. पांढरा मेणखडू इस्त्रीनं ‘उडतो’ असं म्हणतात. प्रत्यक्षात मेण वितळून तंतूंत मुरतं. रंगीत असेल तर रंगही घेऊन मुरतं. पॉलिएस्टरचा स्वभावच तेल धरण्याचा, त्यामुळे पॉलिएस्टरचा दोरा किंवा आतलं पॉलिएस्टर भरण असेल तर ते मेण सहजासहजी सोडत नाही. म्हणून इस्त्री दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून रेघेवर दहा मिनिटं ठेवा. मेण कडक झालं की चमच्याच्या बोथट कडेनं खरवडा. राहिलेल्या जागी भांड्यांचं लिक्विड बोटानं थेंबभर लावा, दहा मिनिटांनी 40 अंशांच्या कोमट पाण्यानं टिपा. तरी गेलं नाही तर ड्रायक्लीनरकडे द्या आणि ‘मेणाचा खडू आहे’ हे स्पष्ट सांगा, कारण मेण विरघळवणारा द्राव त्याच्याकडे असतो. पेट्रोल किंवा थिनर घरात वापरू नका, आगीचा धोका खरा आहे.

खडूऐवजी पाण्यानं जाणारं निळं पेन वापरलं असेल तर क्रम उलटा. आधी नुसतं थंड पाणी आणि तेही भरपूर, म्हणजे अख्खी गोधडी बुडवून. डिटर्जंट किंवा उष्णता आधी लागली तर ती शाई तपकिरी होऊन पक्की बसू शकते.

पूर्ण धुवायची वेळ आली तर पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत आतले पदर दोन-तीन दिवस ओले राहतात आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते खडूपेक्षा कितीतरी चिवट. ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत कोरडी सफाई करून गोधडी घडी घालून ठेवली तरी मातीच्या खडूचं काही बिघडत नाही. धुतल्यावर ती एका दोरीवर लोंबकळत ठेवू नका, पाण्याच्या वजनानं टाके ताणतात. दोन-तीन समांतर दोऱ्यांवर आडवी पसरा, उलटी बाजू उन्हाकडे.

पुढच्या गोधडीला हात घालण्याआधी त्याच साडीच्या चार इंची तुकड्यावर त्याच खडूनं तीन रेघा ओढा. एक झटका, एक धुवा, एकीवर इस्त्री फिरवून मग धुवा. तुकडा रात्रभर वाळवून सकाळी खिडकीशी बघा. तिसरी रेघ दिसत असेल तर तो खडू फक्त उलट्या बाजूवर, शिवणीच्या आतल्या मार्जिनसाठी ठेवा. वरची नक्षी चमच्याच्या दांड्यानं दाबून पाडलेल्या घडीवर शिवा. कापसावर अशी घडी काही तास टिकते आणि पाण्याचा हलका हबका मारला की निघून जाते.