उंच पिकअप, मागे ट्रेलर आणि भौतिकशास्त्र

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर पोहोचतो. कोलोरॅडोच्या डोंगरात कॅम्पिंगला निघालेले पिकअप ट्रक इथूनच जातात. मागे ट्रेलर, टपावर तंबू, आणि बरेच ट्रक कंपनीने दिले त्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंच केलेले. उंच केलेला ट्रक खडकाळ वाटेवर उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण त्याच ट्रकला ट्रेलर जोडला की त्या उंचीचा हिशोब गाडीच्या जवळजवळ प्रत्येक भागाला चुकवावा लागतो.

मुळात लिफ्ट किटने, म्हणजे ट्रक उंच करणाऱ्या सुट्या भागांच्या संचाने, उंच होते ती चासी आणि बॉडी. मागच्या अखंड ॲक्सलच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा जमिनीपासून आधी होता तेवढाच राहतो. तो वर न्यायचा नेहमीचा मार्ग म्हणजे मोठे टायर. ३१ इंचांच्या जागी ३५ इंची टायर घातले तर ॲक्सल ५ सेंटिमीटर वर जातो, कारण व्यासातली निम्मीच वाढ उंचीला मिळते. म्हणून लिफ्टचं खरं काम हे मोठे टायर बसवायला जागा करून देणं. सहा इंची लिफ्टवर खर्च करण्याआधी हे प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

गाडी उलटण्याचा धोका मोजायला अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था एक साधं गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. ते जितकं कमी, तितका धोका जास्त. समजा चाकांमधलं अंतर १.७० मीटर आणि गुरुत्वमध्य ७२ सेंटिमीटरवर आहे. गुणोत्तर येतं १.१८. गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर वर सरकला की तेच ०.९८ होतं. त्यात टपावर, २.१ मीटर उंचीवर, ७० किलोचा तंबू बांधला तर अडीच टनांच्या ट्रकचा गुरुत्वमध्य आणखी तीन-साडेतीन सेंटिमीटर चढतो. तोच तंबू मागच्या हौद्यावर बुटक्या रॅकला बांधला तर हा तोटा बराच कमी होतो, आणि रात्री झोपायला तो तितकाच चांगला.

आता टायरांचा गिअरवर होणारा परिणाम. टायर १३ टक्के मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १३ टक्के जास्त पुढे जाते. ३.७३ चा ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा) प्रत्यक्षात ३.३० सारखा वागू लागतो. आधीची ओढ परत हवी तर ४.१० किंवा ४.३० चे गिअर घालावे लागतात, आणि फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलला एकच रेशो लागतो. स्पीडोमीटरची नव्याने जुळवणी केली नाही तर तो ६० मैल दाखवताना ट्रक ६८ ने धावत असतो.

चढावर हे सगळं जाणवतंच, पण खरी परीक्षा उताराची. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण १३ किलोमीटरमध्ये रस्ता ६५० मीटर खाली येतो. ट्रक आणि ट्रेलर मिळून सहा टन धरले तर ३८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत शंभर लिटरहून जास्त पाणी उकळेल. थोडा वाटा हवेचा विरोध आणि टायर उचलतात. उरलेला इंजिन ब्रेकिंग (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनच गाडीला रोखतं ते) आणि ब्रेक यांच्यावर येतो. मोठ्या टायरमुळे त्याच गिअरमध्ये इंजिन कमी फिरतं, म्हणजे ते गाडीला रोखतंही कमी. शिवाय चाकाची त्रिज्या वाढल्याने तेवढंच थांबण्यासाठी ब्रेकला १३ टक्के जास्त पीळ द्यावा लागतो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, आणि ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक नीट चालतात ना हे सपाट रस्त्यावर हळू वेगात तपासून घ्यावं.

ट्रेलर झोकांड्या खाऊ नये म्हणून त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीच्या, बॉलवर यायला हवा. ट्रेलरचा गुरुत्वमध्य मागे सरकला की ठराविक वेगानंतर एक लहानसा हेलकावा शमण्याऐवजी वाढत जातो. ट्रक उंच केल्याने बॉलही उंच होतो, ट्रेलर नाक वर करून चालतो आणि त्याच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो. बॉल खाली आणणारा ड्रॉप हिच लावून ट्रेलर सपाट करणं हा यावरचा उपाय. अंदाजावर मात्र राहू नये. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं मिळतं.

लिफ्टनंतर इंजिनाची शक्ती ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही वाढतो. त्याच्या टोकांना असलेला क्रॉसचा (अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याचा) जॉइंट कोनात फिरताना त्याच्यापुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर हा फरक एकमेकांत जिरतो. नसतील तर कंप सुरू होतो आणि क्रॉस लवकर झिजतात. त्यामुळे ग्रीसिंग कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर करावं, किट बसवल्यावर आठशेएक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत आणि चाकांचं अलाइनमेंट तपासावं. सगळं ऐकल्यावर माझं मत विचाराल तर ट्रेलर ओढणाऱ्याला दोन इंचांची लिफ्ट, पुरेशा भारक्षमतेचे टायर आणि उत्तम ब्रेक पुरतात. भारतात हिलक्स किंवा व्ही-क्रॉससारखे पिकअप घेतलेल्यांनी आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पाहावं. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला ते मनाई करतं.