बांगिमे : डोगोन बोलींच्या यादीत दडलेली भाषा

पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या मध्यभागी, बांदियागाराच्या कड्यांच्या वायव्य टोकाला असलेल्या सात गावांत बांगांदे लोक राहतात. त्यांची बांगिमे ही भाषा बोलणारे दोन-तीन हजारांच्या आसपास असावेत. तिला लेखनपरंपरा नाही, आणि जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही विसाव्या शतकात बराच काळ ती याच भागातील डोगोन लोकांच्या भाषेची एक बोली म्हणूनच मोजली गेली.

या गैरसमजाचे मूळ डोगोन अभ्यासाच्या इतिहासात आहे. १९३१ मध्ये फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांची डाकार-जिबुती मोहीम या प्रदेशात पोहोचली आणि पुढे फ्रेंच अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने ‘सांगा’ या डोगोन वस्तीच्या परिसरातील धर्मकल्पना व विधींवर केंद्रित झाले. झेनेव्हिएव्ह कालाम-ग्रिओल यांनी १९५० च्या दशकात बोलींची पाहणी केली खरी, पण ‘डोगोन’ ही एकच भाषा आणि बाकी तिच्या बोली, ही चौकट कायम राहिली. प्रत्यक्षात डोगोन हे परस्परांना न समजणाऱ्या सुमारे वीस भाषांचे कुळ आहे. जिथे शेजारच्या दोन गावांनाही एकमेकांचे बोलणे उमगत नाही, तिथे आणखी एक न समजणारी ‘बोली’ कोणाला खटकणार? त्यात बांगांदे स्वतःला डोगोनच म्हणवतात, आणि त्यांच्या भाषेत डोगोनमधून आलेले शब्दही आहेत. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील निहालीलाही असेच दीर्घकाळ कोरकूची बोली समजले गेले होते.

भाषावैज्ञानिक रॉजर ब्लेंच यांनी २००५ च्या सुमारास गोळा केलेल्या शब्दसंग्रहातून हे वेगळेपण ठळकपणे पुढे आले. त्यानंतर डच भाषावैज्ञानिक स्तेफान एल्डर्स यांनी तिचे वर्णन हाती घेतले, परंतु २००७ मध्ये मालीतच त्यांचे निधन झाले. हे काम ॲबी हँटगन यांनी पुढे नेले आणि २०१८ मध्ये जेफ्री हीथ यांच्यासह त्यांनी बांगिमेचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. माझ्या मते या व्याकरणाचे मोल केवळ शास्त्रीय नाही, कारण २०१२ पासून मालीत पसरत गेलेल्या हिंसाचारामुळे या भागात राहून असे काम करणे अत्यंत कठीण झाले आहे.

शासकीय पातळीवर मात्र जुनीच चौकट टिकून आहे. मालीने मान्यता दिलेल्या तेरा राष्ट्रीय भाषांत डोगोनसाठी तोरो सो हे रूप प्रमाण धरले आहे, आणि बांगिमेला त्या यादीत स्थान नाही.