शस्त्र, किरण आणि लेझर : त्वचेच्या उपचारांतील मात्रेचा इतिहास

कोल्हापुरात राजारामपुरीच्या किंवा शाहूपुरीच्या गल्ल्यांतून जाताना ‘लेझर’ हा शब्द आता जागोजागच्या पाट्यांवर दिसतो. चामखीळ, वांग, मुरमांचे खड्डे, नको असलेले केस, गोंदण, कोड अशा एकमेकींशी फारसे नाते नसलेल्या तक्रारींसाठी लोक ‘लेझर मारून घेतले’ असेच सांगतात. प्रत्यक्षात त्यांतल्या कुणाची चामखीळ विजेच्या सुईने जाळलेली असते, कुणाला अतिनील किरणांच्या पेटीत उभे केलेले असते, तर कुणाच्या मांडीवरची पातळ कातडी सोलून ती हातावरच्या पांढऱ्या डागावर लावलेली असते. या उपचारांचे उगम वेगवेगळे आहेत, काळही वेगवेगळे आहेत. मात्र त्या प्रत्येकाच्या इतिहासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली आढळते : साधन आधी हाती आले आणि त्याची मात्रा किती असावी हे नंतर, बहुधा रुग्णाच्या अंगावरच, शिकले गेले. त्यातही सावळ्या कातडीसाठी मात्रेचा हिशेब सर्वांत उशिरा मांडला गेला, आणि आपल्या भागातील बहुसंख्य माणसे सावळ्या कातडीची आहेत.

शस्त्र आणि अग्नी यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय असून अग्नीने दग्ध केलेला रोग पुन्हा उद्भवत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याहून लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे जाळायचा थर किती खोल आहे, त्यानुसार तेथे जाळण्याचे साधन बदलते. त्वचेपुरते जाळायचे असेल तर पिंपळी, शेळीची लेंडी, शलाका म्हणजे सळई यांसारख्या वस्तू तापवून लावाव्यात. शिरा, स्नायू, सांधे, हाडे यांच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर तापवलेला गूळ, मध, स्नेह म्हणजे तेल-तूप वापरावेत. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक ज्याच्या हातावर उडाला आहे, त्याला या विभागणीचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तापलेली सळई क्षणभर टेकते आणि दूर होते, पाक मात्र चिकटून राहतो आणि उष्णता आत उतरवत राहतो. उष्णता किती आणि ती किती वेळ टेकली, या दोन प्रश्नांवरच पुढे विसाव्या शतकातील लेझरचे सगळे शास्त्र उभे राहिले.

कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास तर पुण्यातूनच जातो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती लागला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी, देठ तसाच राखून, खाली वळवली आणि तिचे नाक बनवले. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तान्त चित्रासह छापून आला, आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये ती करून पाहिली. नाकावरचा त्वचेचा कर्करोग काढल्यानंतर पडलेली मोठी पोकळी भरण्यासाठी आजही शल्यविशारद कपाळाच्या कातडीचाच आधार घेतात. कावसजीचे नाव इतिहासात राहिले. ज्याच्या बोटांत ही विद्या होती, त्या कारागिराचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही, याची खंत वाटते.

कोडावरील शस्त्रक्रिया त्या मानाने अलीकडची. दिल्लीचे डॉ. बेहल यांनी 1964 मध्ये कोडाच्या डागावर पातळ कातडीचे रोपण केल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर सूक्ष्म गोल तुकडे बसवण्याची, फोड आणून त्याचे टरफल लावण्याची आणि पुढे त्वचेच्या पेशी सुट्या करून त्यांचा द्रव डागावर पसरवण्याची अशा पद्धती आल्या. या शेवटच्या पद्धतीत कातडीच्या लहानशा तुकड्यातून त्याच्या कितीतरी पट मोठा डाग झाकता येतो. मात्र डाग निदान वर्षभर वाढलेला नसावा, ही अट सर्वच पद्धतींना आहे. लग्न ठरण्याच्या घाईत अनेक घरे नेमकी हीच अट ऐकून घेत नाहीत.

किरणांची कथा कोपनहेगनमध्ये सुरू होते. फॅरो बेटांवर जन्मलेले नील्स फिन्सेन यांनी 1890 च्या दशकात कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश क्वार्ट्झच्या भिंगांतून एकवटून त्वचेच्या क्षयावर टाकला. कातडी भाजू नये म्हणून प्रकाश पाण्यातून गाळला जाई, आणि रक्त बाजूला सारले जावे म्हणून ती जागा भिंगाने दाबून धरली जाई. चेहरा कुरतडणाऱ्या त्या आजारावर तोवर धड इलाज नव्हता. फिन्सेन यांना 1903 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 43 व्या वर्षी, दीर्घ आजाराने ते वारले. दिवा प्रखर असूनही शीतलीकरण आणि दाब या दोन्हींचा विचार त्यांनी पहिल्यापासून केला होता, हे त्यांचे खरे मोठेपण मानावे लागेल.

क्ष-किरणांच्या बाबतीत तसा विचार झाला नाही. नोव्हेंबर 1895 मध्ये रोंटगेन यांना हे किरण सापडले आणि वर्षभरातच व्हिएन्नामध्ये लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरील केसाळ जन्मखुणेवर ते वापरले. केस गळले, पण पाठीवर व्रणही झाला. 1901 मध्ये किरणोत्साराचा शोध लावणारे बेकरेल यांनी खिशात बाळगलेल्या रेडियमने त्यांची कातडी भाजली, तेव्हा त्या भाजण्यातूनच रेडियमच्या औषधी उपयोगाची कल्पना पुढे आली आणि पॅरिसमध्ये त्वचेच्या क्षयावर ते लावले जाऊ लागले. भाजते म्हणजे काम करते, असा त्या काळाचा सरळ तर्क होता.

या तर्काची सर्वांत मोठी किंमत मुलांनी मोजली. डोक्यातल्या गजकर्णावर तेव्हा पोटात घ्यायचे परिणामकारक औषध नव्हते. बुरशी केसात असते, म्हणून क्ष-किरणांनी सगळे केस झडवायचे, अशी पद्धत पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांनी रूढ केली आणि ती अर्धे शतक जगभर चालली. 1958 मध्ये ग्रिसिओफल्विन हे गोळीचे औषध आले तेव्हा तिची गरज संपली. पण इस्रायलमध्ये अशा रीतीने किरण दिलेल्या सुमारे 11 हजार मुलांचा मागोवा घेऊन 1974 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठी त्यांच्यात अधिक प्रमाणात आढळल्या. आपल्याकडे तालमीतल्या पोराला गजकर्ण झाले तर दुकानातून मलम आणून भागवले जाते. त्याच आजारासाठी कधीकाळी मुलांच्या डोक्याला किरण दिले जात होते, ही गोष्ट आज ऐकतानाही अंगावर येते.

या अनुभवामुळे त्वचेच्या साध्या आजारांवरून किरणोत्सार जवळपास हटला. उरला तो दोन ठिकाणी : शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांच्या त्वचेच्या कर्करोगावर आणि पुन्हा पुन्हा वाढणाऱ्या केलॉइडवर, म्हणजे जखमेच्या वणावर उगवणाऱ्या गाठीवर. बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला टोचल्यावर काही मुलींच्या कानावर बोराएवढी गाठ वाढते. नुसती कापली तर ती बहुधा पूर्वीपेक्षा मोठी होऊन परतते. म्हणून निवडक रुग्णांत ती कापल्यानंतर साधारण दिवसभराच्या आत किरणांची मोजकी मात्रा सुरू केली जाते. ही मात्रा आता अंदाजाने ठरत नाही; लहान मुलांत हा मार्ग शक्यतो टाळलाच जातो.

सूर्यप्रकाशाच्या उपचाराची आपली स्वतःची वाट बावचीची आहे. माझ्या आजोळी, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात, मामांच्या मनगटावर कोडाचा डाग होता. आजी बावचीचे बी वाटून त्याचा लेप लावी आणि मामा सकाळी ओट्यावर हात उन्हात धरून बसत. उन्ह जोत्याच्या दुसऱ्या दगडावर आले की उठायचे, एवढेच त्यांचे घड्याळ. एकदा गप्पांत ते बसून राहिले आणि संध्याकाळपर्यंत मनगटावर पाण्याने टरारलेला फोड आला. तो बरा झाल्यावर डागाच्या कडेला तिळाएवढे काळे ठिपके उगवले, म्हणून घरात आनंदही झाला. बावचीतील सोरालेन हे द्रव्य कातडीला अतिनील किरणांसाठी हळवे करते. त्यामुळे रंग परत येतो आणि त्याच कारणाने कातडी भाजतेही.

नाईल नदीच्या काठी उगवणाऱ्या एका वनस्पतीतील याच गटातले द्रव्य इजिप्तचे डॉ. एल मोफ्ती यांनी 1940 च्या दशकात कोडासाठी वापरले. त्यानंतर 1974 मध्ये अमेरिकेत पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबाम आणि मूळचे भारतीय असलेले पाठक यांनी सोरालेनची गोळी व दीर्घ तरंगलांबीचे अतिनील किरण यांचा सोरायसिसवरील उपचार प्रसिद्ध केला. ‘पुवा’ या नावाने तो जगभर गेला. या उपचारात किरणांची पहिली मात्रा किती द्यायची हे ठरवण्यासाठी 1975 मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी कातडीचे प्रकार पाडले : उन्हात लगेच भाजते की रापते, या प्रश्नावर आधारलेले. ते प्रकार तेव्हा चारच होते आणि चारही गोऱ्या कातडीचे होते. तपकिरी आणि काळ्या कातडीसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आज कोल्हापुरातला कोणताही त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाच्या कागदावर ‘प्रकार चार’ किंवा ‘पाच’ लिहितो, तेव्हा तो मुळात आपल्यासाठी न आखलेल्या पट्टीच्या टोकाशी असलेला आकडा लिहीत असतो. पुढे सोरालेनशिवाय चालणारे 311 नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्याचे अतिनील किरण आले आणि कोडासाठी तेच अधिक वापरात आले. लोक त्याला नुसते ‘लाईट घेणे’ म्हणतात. आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने, डोळ्यांवर काळा चष्मा लावून हा उपचार घ्यावा लागतो; खेड्यातून येणाऱ्यांचा तो बहुधा एसटीच्या भाड्यापायीच अर्धवट सुटतो.

लेझरचे तत्त्व आइनस्टाइन यांनी 1917 मध्ये मांडले. पहिले यंत्र थिओडोर मेमन यांनी 16 मे 1960 रोजी माणकाच्या कांडीतून चालवून दाखवले. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी लवकरच ते त्वचेवर वापरले आणि 1963 मध्ये रंगद्रव्यावरील त्याचे परिणाम नोंदवले. 1964 हे वर्ष तर आपल्या दृष्टीने विशेष आहे. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले कुमार पटेल यांनी त्या वर्षी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेझर तयार केला. त्याचा किरण पाणी शोषून घेते आणि कातडीत पाणी भरपूर असते, म्हणून तो वरचा थर वाफ करून उडवतो. चामखीळ काढण्यापासून खड्डे सपाट करण्यापर्यंत आजही त्याचा उपयोग होतो. त्याच प्रयोगशाळेत, त्याच वर्षी, 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग हा स्फटिकाचा लेझरही घडला.

तरीही पुढची वीस वर्षे लेझर म्हणजे उजेडाचा चाकूच राहिला. जन्मखूण जाई आणि तिच्या जागी वण राही. 1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि पॅरिश यांनी हा गुंता सोडवला. ज्याला जाळायचे आहे तेच अधिक शोषून घेईल अशी तरंगलांबी निवडा आणि त्याला निवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी वेळ किरण टाका, म्हणजे उष्णता शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच काम झालेले असते, असे त्यांचे म्हणणे होते. रक्तवाहिनीला मिलिसेकंद लागतात, रंगाच्या कणाला नॅनोसेकंद पुरतात.

गोंदणावर हे प्रत्यक्ष पाहता येते. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात एका बाईंच्या कपाळावरचे जुने गोंदण काढताना मी समोर होतो. ते दिसत होते हिरवे, पण त्याखाली काजळीचा काळा कार्बनच होता; खोलवरचा काळा रंग कातडीतून निळसर-हिरवा दिसतो. यंत्राच्या दांडीतून प्रत्येक वेळी फुटाण्यासारखा ‘टच्’ असा आवाज येई आणि ठिपका क्षणात भाकरीच्या पिठासारखा पांढरा होई, मग हळूहळू लालसर. रंग त्याच दिवशी जात नाही. फुटलेले कण शरीर आठवड्यांगणिक वाहून नेते.

नको असलेल्या केसांसाठी 1990 च्या दशकाच्या मध्यावर लेझर आले, ते माणकाचे, 694 नॅनोमीटरचे. गोऱ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य केसाच्या मुळाशी अधिक आणि वरच्या थरात थोडे असते. आपल्याकडे ते दोन्ही ठिकाणी असते आणि किरणाला त्यांतला फरक कळत नाही. त्यामुळे तीच मात्रा आपल्याकडे वरचा थर भाजते, आणि मागे काळे किंवा पांढरे डाग राहतात. तरंगलांबी वाढत गेली की मेलॅनिन ती कमी शोषते आणि किरण अधिक खोल जातो. म्हणून सावळ्या कातडीसाठी 810 नॅनोमीटरचा डायोड लेझर आणि त्याहूनही 1064 चा याग, लांब स्पंद म्हणजे किरणाचा जास्त वेळ टिकणारा झोत आणि सोबत सतत गार ठेवणारे टोक, अशी मांडणी रूढ झाली. तरी एकाच माणसाची कातडी वर्षभर एकसारखी राहत नाही. गेल्या गळीत हंगामात त्याच दवाखान्यात कागल तालुक्यातली एक मुलगी हनुवटीवरच्या केसांसाठी आली होती. घरची ऊसतोड सुरू होती आणि दिवसभर ती फडातच असे. डॉक्टरांनी तिच्या दंडाची आतली बाजू चेहऱ्याशेजारी धरून पाहिली, यंत्र सुरूच केले नाही, आणि रापलेला रंग उतरल्यावर, पाऊस लागला की या, म्हणून सांगून तिला परत पाठवले.