पार्श्वभूमी : गाईड चळवळ आणि १९५१ चा निर्णय

भारतात मुलींच्या गाईड चळवळीचा, म्हणजे मुलांच्या स्काऊट चळवळीला समांतर अशा चळवळीचा, आरंभ १९११ मध्ये जबलपूरला झाला. सुरुवातीची काही वर्षे ती युरोपीय मुलींपुरतीच होती. भारतीय मुलींना प्रवेश मिळू लागला तो १९१६ पासून. १९२८ मध्ये मुलींची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. तरीही जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांतून आज दिसणाऱ्या चळवळीची घडण ठरली ती स्वातंत्र्यानंतरच, पूर्व व पश्चिम खान्देश हे मुंबई राज्याचे जिल्हे असताना.

७ नोव्हेंबर १९५० रोजी मुलांच्या प्रमुख स्काऊट संघटना विलीन होऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुलींची संघटना तिच्यात आली १५ ऑगस्ट १९५१ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांनी. या निर्णयाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. एकत्र आल्यामुळे चळवळीत येताना घ्यायचे वचन आणि पाळायचे नियम मुलामुलींसाठी एकच झाले, आणि मुलींचे शिक्षण म्हणजे घरकामाची उजळणी, या समजाला निदान कागदावर तरी जागा उरली नाही. दुसरीकडे, स्वतःच्या नावाने चालणारी संस्था जाऊन तिचा एक विभाग झाला. गाईड विभाग वेगळा राहिला, पथकाची कॅप्टन, म्हणजे ते चालवणारी प्रशिक्षित प्रमुख, स्त्रीच असावी हे कायम राहिले आणि जागतिक संलग्नताही मुलींच्याच संघटनेशी राहिली. पुण्यात १९६६ मध्ये सुरू झालेले मुलींच्या जागतिक संघटनेचे केंद्र ही त्याच नात्याची खूण. ही तडजोड योग्यच होती, मात्र तिची किंमत लहान गावांनी अधिक मोजली.

मूल्यांतील बदल नियमांत स्पष्ट दिसतो. इंग्रजी काळातील वचनात राजनिष्ठा होती. तिची जागा देशाविषयीच्या कर्तव्याने घेतली. ईश्वराऐवजी धर्म हा शब्द घेण्याची मुभाही ठेवण्यात आली. गाईडने हुकूम पाळावा हा जुना नियम जाऊन शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आले. प्रत्येक अडचणीत हसत-गात राहावे, हा मुलींना घातलेला जुना दंडकही गेला आणि त्या ठिकाणी धैर्य आले. प्रस्तुत लेखकाला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो.

शिबिरात विनाभांडी स्वयंपाक करायचा असतो, त्यासाठी खान्देशातील मुलींना वेगळे काही शिकवावे लागत नाही. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर भरताची वांगी भाजण्याची रीत त्या घरूनच घेऊन येतात. गाठी, प्रथमोपचार आणि नकाशा मात्र कोणीतरी शिकवावाच लागतो. आणि येथेच कॅप्टनविषयीच्या नियमाची दुसरी बाजू पुढे येते. नंदुरबारच्या डोंगराळ अक्कलकुवा-धडगावकडील एखाद्या शाळेत प्रशिक्षित शिक्षिका नसेल, तर मुलांचे पथक चालते आणि मुलींचे उभेच राहत नाही. मुलींच्या हाती मुलींचा कारभार राहावा म्हणून जपलेली अट अशा शाळेत त्यांच्याच वाटेत येते. यावर उपाय नियम सैल करण्याचा नाही, डोंगरी भागातील शिक्षिकांना प्रशिक्षणाला पाठवण्याचा आहे.