कमांड नेमकी वाचतं कोण? प्रोग्रॅममधून प्रोग्रॅम चालवण्याची पार्श्वभूमी

आपल्या प्रोग्रॅममधून बाहेरची कमांड चालवायची आणि तिचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, हे आज बहुतेक भाषांत एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ लिहिताना दिलेली कमांड शेवटी कोण वाचणार, हे ठाऊक असायलाच हवं. या सोयीचा इतिहास बराचसा त्याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

एमआयटीच्या सीटीएसएस या, एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणाऱ्या (टाइमशेअरिंग) यंत्रणेवर लुई पूझां यांनी १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ लिहिला. फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड तो ओळीने चालवत असे. कमांड वाचणारा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात न ठेवता वेगळा, साधा प्रोग्रॅम असावा, हा विचार त्यांनी पुढे मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मांडला. अशा प्रोग्रॅमला ‘शेल’ हे नावही त्यांनीच दिलं.

युनिक्सने या विचारात खरी भर घातली. फोर्क ही कल्पना युनिक्सचे जनक केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांच्याकडे बर्कलीच्या टाइमशेअरिंग यंत्रणेतून आली. पीडीपी-७ या संगणकावरच्या पहिल्या फोर्कला असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी लागल्या, असं रिची यांनी लिहून ठेवलं आहे. आधी फोर्कने चालू प्रोसेसची, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रॅमची, प्रत काढायची आणि मग त्या प्रतीवर एक्झेकने नवा प्रोग्रॅम चढवायचा, अशा दोन पायऱ्या. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी प्रतीत अजून आपलाच कोड चालू असतो, आणि आउटपुट पकडण्याची सगळी करामत तिथेच होते. प्रोग्रॅम जिथे वाचतो-लिहितो त्या प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. त्यातला १ म्हणजे आउटपुटची जागा, एरवी स्क्रीन. तो तेवढ्यात पाइपच्या (एका टोकाला लिहिलेलं दुसऱ्या टोकाला वाचता येईल अशा नळीच्या) लिहित्या टोकाला जोडून दिला की पुढे चढणाऱ्या कमांडला काही कळतही नाही. ती नेहमीसारखी छापत जाते आणि आपण दुसऱ्या टोकाशी वाचत बसतो.

तो पाइप आला १९७३ मध्ये. बागेतली नळी जशी नळीला जोडतात तसे प्रोग्रॅम जोडता यायला हवेत, असं बेल लॅब्जमधल्या डग मॅकइलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहिलं होतं. टॉम्सन यांनी ते प्रत्यक्षात आणलं.

युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. उलट्या अवतरणचिन्हांत (`) कमांड लिहिली की तिचं आउटपुट त्याच जागी येऊन बसू लागलं. सी लायब्ररीत ‘सिस्टिम’ आणि ‘पीओपन’ ही फंक्शन्स होती. दोन्ही अख्खी कमांड एकाच स्ट्रिंगमध्ये घेऊन शेलच्या हवाली करत. पुढे १९८७ मध्ये लॅरी वॉल यांच्या पर्लने उलटी अवतरणचिन्हं भाषेतच आणली. पीएचपी आणि रूबीनेही तोच कित्ता गिरवला. आर्ग्युमेंटची (कमांडला द्यायच्या एकेका शब्दाची) यादी थेट एक्झेकला देण्याचा मार्ग तोवर होताच, पण स्ट्रिंग लिहिणं इतकं सोपं की लोकांच्या हाताला तेच वळण पडलं.

त्याची किंमत वेबच्या काळात कळली. अमेरिकेतल्या एनसीएसए या संगणन केंद्राच्या वेब सर्व्हरसोबत ‘पीएचएफ’ नावाचा नमुना प्रोग्रॅम येत असे. फोनबुकमध्ये शोध घ्यायचा, एवढंच त्याचं काम. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर तो पीओपनकडे देई. त्याआधी शेलला अर्थ असलेली चिन्हं निष्प्रभ करणारं फंक्शनही त्यात होतं. फक्त नव्या ओळीचं चिन्ह त्या यादीतून सुटलं होतं. शेलसाठी नवी ओळ म्हणजे नवी कमांड. त्यामुळे वेब पत्त्यात ‘%0A’ (नव्या ओळीचा संकेत) घालून पुढे हवी ती कमांड लिहिली की ती सर्व्हरवर चालायची आणि पासवर्डची फाइल ब्राउझरमध्ये दिसायची. १९९६ मध्ये याचा बोभाटा झाला. घातक चिन्हांची यादी करून कधीच भागत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

पायथॉन या भाषेत एव्हाना याच कामासाठी चार-पाच वाटा झाल्या होत्या. पीटर ऑस्ट्रँड यांच्या प्रस्तावातून २००४ च्या २.४ आवृत्तीत ‘सबप्रोसेस’ आलं. त्यात यादी दिली तर शेल मध्ये येत नाही. शेल हवा असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. मला हा बदल या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यातल्या ‘कम्युनिकेट’ या फंक्शननेही एक जुनं दुखणं सोडवलं. पाइपची साठवण मर्यादित असते. लिनक्सवर सहसा ६४ किलोबाइट. कमांडचे एररचे संदेश आउटपुटपेक्षा वेगळ्या पाइपमधून येतात. कमांड त्या एररच्या पाइपमध्ये भरभरून लिहीत असेल आणि आपण फक्त आउटपुटचा पाइप वाचत असू, तर एररचा पाइप भरताच कमांड थांबते. आपणही तिच्या आउटपुटची वाट बघत थांबतो आणि दोघंही अडकतात. कम्युनिकेट दोन्ही पाइप एकाच वेळी रिकामे करत राहतं. २०१५ मध्ये, ३.५ आवृत्तीत, यावर सुटसुटीत ‘रन’ आलं.

विंडोजवर मात्र यादी देऊनही प्रश्न मिटत नाही. तिथे नव्या प्रोसेसला एकच सलग स्ट्रिंग मिळते, आणि तिचे तुकडे कसे पाडायचे हे ज्याचा त्याने ठरवायचं. चालवायची गोष्ट बॅच फाइल (कमांडची यादी असलेली फाइल) असेल तर ती स्ट्रिंग ‘सीएमडी’ हा विंडोजचा शेल स्वतःच्या वेगळ्या नियमांनी वाचतो. म्हणजे आपण न बोलावता शेल मध्ये येतोच. एप्रिल २०२४ मध्ये या फटीमुळे रस्टसह अनेक भाषांच्या लायब्रऱ्यांकडे नव्याने पाहावं लागलं. रस्टने १.७७.२ मध्ये दुरुस्ती केली: बॅच फाइलला द्यायचं आर्ग्युमेंट सुरक्षितपणे लिहिता येत नसेल, तर कमांड न चालवता एरर परत करायची.