पर्जन्यजलाचे प्रदूषण आणि ‘बिंदुस्रोता’चा वाद : पार्श्वभूमी

गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती, हे आता सहसा कोणाच्या लक्षात नसते. लंडनमध्ये १८१५ पर्यंत घरातील मैला सार्वजनिक गटारात सोडण्यास मनाई होती. ती उठल्यावर सगळी घाण थेम्सकडे वळली आणि १८५८च्या उन्हाळ्यातील दुर्गंधीनंतर मैला व पाऊस एकत्र वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या बांधल्या गेल्या. पाऊस नदीत आणि मैला जमिनीत जावा, असा आग्रह धरणारा दुसरा पक्षही तेव्हा होताच. पीतज्वराच्या १८७८मधील साथीनंतर अमेरिकेतील मेम्फिस शहराने १८८०मध्ये मैल्यासाठी स्वतंत्र वाहिन्या घातल्या, त्या याच विचारातून. ही पद्धत आरोग्याच्या दृष्टीने सरस होती, मात्र पावसाचे पाणी स्वच्छच असते आणि म्हणून ते प्रक्रियेविना जवळच्या ओढ्यात सोडले तरी बिघडत नाही, हे गृहीतक तिच्या मुळाशी होते. पुढे कित्येक दशके त्याची गांभीर्याने तपासणी झाली नाही.

ती वेळ आणली अमेरिकेच्या १९७२च्या जलप्रदूषण कायद्याने, आणि तीही एका व्याख्येमुळे. ‘बिंदुस्रोता’तून, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या, बंदिस्त आणि वेगळ्या ओळखता येणाऱ्या वाहिनीतून, परवान्याशिवाय प्रदूषके सोडण्यास या कायद्याने बंदी घातली. व्याख्येत नळ, चर आणि नाली यांचा नावानिशी उल्लेख होता. कारखान्याच्या नळाबाबत कोणाचे दुमत नव्हते. अडचण पावसाची होती. पाऊस छपरांवर, रस्त्यांवर आणि वाहनतळांवर सर्वत्र पडतो, त्यामुळे उगमाच्या दृष्टीने त्याचे प्रदूषण विखुरलेले असते. पण हेच पाणी रस्त्याकडेच्या जाळीतून वाहिनीत शिरून ओढ्याच्या काठी नळाच्या तोंडातून बाहेर पडते, तेव्हा ते व्याख्येत चपखल बसते. मग स्रोत कोणता मानायचा, जिथे घाण पाण्यात मिसळते ती जागा की जिथे पाणी ओढ्यात पडते ती?

अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेने १९७३मध्ये सोयीचे उत्तर काढले आणि औद्योगिक वा व्यापारी कामांमुळे दूषित न झालेले पर्जन्यजल परवान्यातून वगळले. अशा नळांची संख्या अफाट असून प्रत्येकाला परवाना देणे अशक्य आहे, असे तिचे म्हणणे होते. हा युक्तिवाद प्रामाणिक असेलही, परंतु तो प्रशासनाच्या कुवतीविषयीचा होता, पाण्याच्या गुणवत्तेविषयीचा नव्हे. कायद्याने ज्यांना बिंदुस्रोत म्हटले आहे, त्यांच्यातील एखादा अख्खा वर्ग यंत्रणेला परस्पर वगळता येणार नाही, असा निकाल अपिलीय न्यायालयाने १९७७मध्ये दिला. कामाचा बोजा मोठा असेल तर सामायिक परवाने द्यावेत, ही वाटही त्याने दाखवली. पुढील वर्षी सुरू होऊन १९८३पर्यंत चाललेल्या, २८ ठिकाणच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी पर्जन्यजलाच्या बहुतेक नमुन्यांत तांबे, शिसे आणि जस्त आढळले. स्वच्छ पावसाचे गृहीतक त्यानंतर टिकणे कठीण होते.

तरीही पर्जन्यजलासाठी टप्प्याटप्प्याची परवाना पद्धत कायद्यात यायला १९८७ साल उजाडले. एक लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठीचे आणि पाच एकरांवरील बांधकामांसाठीचे नियम १९९०मध्ये आले, तर लहान शहरे आणि एक ते पाच एकरांमधील बांधकामे १९९९च्या नियमांनी कक्षेत घेतली. लोकशिक्षण, वाहिन्यांना चोरून जोडलेल्या सांडपाण्याचा शोध, बांधकामावरील माती अडवणे, ही आज सर्वपरिचित असलेली कामे याच चौकटीतली आहेत. शहरांवरील बंधन मात्र प्रदूषण ‘व्यवहार्य असेल तितक्या कमाल प्रमाणात’ कमी करण्याचे राहिले आणि ‘व्यवहार्य’ म्हणजे किती, याचा आकडा कायद्याने दिला नाही. शेतातून वाहणारे पावसाचे पाणी तर १९८७च्याच दुरुस्तीने व्याख्येतून बाहेर काढले गेले. ते एखाद्या चरातून ओढ्यात पडले तरी बिंदुस्रोत ठरत नाही, आणि याचे कारण जलशास्त्रात शोधून सापडणार नाही.

अलीकडचे वाद याच धाग्याचे आहेत. काठ खरवडून गाळ वाढवणाऱ्या पाण्याच्या लोंढ्यावरच मर्यादा घालण्याचा प्रयत्न व्हर्जिनियातील एका ओढ्याबाबत झाला, तेव्हा गाळ हे प्रदूषक आहे, वाहणारे पाणी नव्हे, असे म्हणून न्यायालयाने २०१३मध्ये तो रोखला. दुसरीकडे काही राज्यांनी नळाच्या तोंडाऐवजी उगमाकडे मोर्चा वळवला: कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन यांनी २०१०मध्ये ब्रेकच्या अस्तरातील तांबे कमी करण्याचे कायदे केले. टायरचे रबर टिकावे म्हणून त्यात घातलेल्या एका रसायनाची ओझोनशी अभिक्रिया होऊन तयार होणारा पदार्थ पावसाबरोबर ओढ्यात जातो आणि कोहो सामन मासे मारतो, हे २०२०च्या अखेरीस उघड झाले. दूषित पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून झिरपू दिल्यास हे मासे वाचतात, असे प्रयोगांत आढळले आहे. पण टायर झिजतो तो प्रत्येक रस्त्यावर, आणि असे थर मोजक्याच नळांच्या आधी आहेत.