इंग्लंडमधील काउंटी पातळीवरचे महिला व्हेटरन गोल्फ : पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणीची पद्धत

इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या हौशी महिला गोल्फपटूंसाठी काउंटी पातळीवर स्वतंत्र हंगाम असतो. तो साधारणपणे एप्रिलमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. या काळात स्प्रिंग, समर आणि ऑटम मीटिंग या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या एकदिवसीय स्पर्धा, काउंटीची व्हेटरन अजिंक्यपद स्पर्धा, शेजारच्या काउंट्यांशी सामने आणि जोडीने खेळायच्या काही स्पर्धा होतात. काही काउंट्यांत यासाठी व्हेटरन महिलांची वेगळी संघटना आहे, तर काही ठिकाणी महिलांची काउंटी संघटनाच हा विभाग सांभाळते. या सर्वांच्या वर इंग्लंड गोल्फ ही राष्ट्रीय संस्था आहे. पुरुषांची आणि महिलांची जुनी राष्ट्रीय मंडळे २०१२ मध्ये एकत्र येऊन ती स्थापन झाली.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि आता हातात थोडा मोकळा वेळ असलेल्या मराठी महिलांना या हंगामात भाग घ्यायचा असेल, तर त्यांनी तयारी वयाच्या दाखल्यापासून सुरू करू नये. वयाची अट सर्वांत सोपी आहे. खरा वेळ जातो तो क्लबचे सदस्यत्व आणि हँडिकॅपची (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची; खेळ जितका चांगला, तितका हा आकडा कमी) नोंद यांत, आणि ही दोन्ही कामे आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत हाती घेतली तरच वसंतातली पहिली स्पर्धा गाठता येते.

वय आणि क्लब

व्हेटरन विभागासाठी किमान वय बहुतेक ठिकाणी ५० वर्षे आहे. मात्र ते कोणत्या तारखेला पूर्ण झालेले असावे, याबाबत प्रत्येक संघटनेचा नियम वेगळा असतो. कुठे वर्षाचा पहिला दिवस धरतात, कुठे स्पर्धेचा दिवस. त्यामुळे ज्यांचा पन्नासावा वाढदिवस हंगामाच्या मध्येच येतो, त्यांनी सदस्यत्वाची तारीख आणि स्पर्धेची तारीख या दोन्हींच्या अटी वेगवेगळ्या वाचाव्यात. अनेक काउंट्यांत साठ आणि सत्तर वर्षांवरील खेळाडूंसाठी स्वतंत्र करंडकही असतात, म्हणून अर्जातील जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवू नये.

दुसरी अट क्लबची आहे. अर्जदार त्या काउंटीशी संलग्न असलेल्या गोल्फ क्लबची सदस्य असली पाहिजे. येथे घराच्या पत्त्यापेक्षा क्लबची संलग्नता महत्त्वाची ठरते, आणि गोल्फच्या काउंट्या आजच्या प्रशासकीय नकाशाप्रमाणे चालत नाहीत. मिडलसेक्स ही प्रशासकीय काउंटी १९६५ मध्येच संपुष्टात आली, पण गोल्फमध्ये ती आजही नांदते आहे. हॅरो किंवा पिनर भागात राहणाऱ्या आणि तिथल्याच क्लबात खेळणाऱ्या महिलेने ‘ग्रेटर लंडन’ची संघटना शोधण्यात वेळ घालवू नये, तिचा अर्ज मिडलसेक्सकडेच जाईल.

क्लबचे सदस्यत्व न घेता अधिकृत हँडिकॅप मिळवण्यासाठी इंग्लंड गोल्फने २०२१ मध्ये आयगोल्फ ही योजना सुरू केली. तिची वर्गणी कमी आहे आणि नव्याने खेळू लागलेल्यांसाठी ती उपयुक्तही आहे, परंतु त्या योजनेत क्लबचे सदस्यत्व अंतर्भूत नाही. काउंटी व्हेटरनच्या नियमांत संलग्न क्लबच्या सदस्यत्वाची अट असेल, तर आयगोल्फचा क्रमांक लिहून केलेला अर्ज पुढे सरकत नाही. दोन क्लबांचे सदस्यत्व असणाऱ्या महिलेने त्यांपैकी एकाला ‘होम क्लब’ म्हणून घोषित करावे लागते, कारण हँडिकॅपची नोंद त्याच क्लबकडे राहते. दोन्ही क्लब वेगवेगळ्या काउंट्यांत असतील, तर आपण कोणत्या काउंटीकडून खेळणार हेही हंगामाआधीच ठरवून कळवावे.

हँडिकॅप : जिथे अर्ज अडतात

इंग्लंडमध्ये जागतिक हँडिकॅप पद्धत २ नोव्हेंबर २०२० पासून लागू झाली. नव्या खेळाडूला पहिला हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे कोणत्याही मैदानासाठी आधार धरला जाणारा तिच्या कौशल्याचा आकडा, मिळवण्यासाठी एकूण ५४ होलची (होल म्हणजे मैदानातला एक टप्पा) स्कोअरकार्डे सादर करावी लागतात. ती १८ होलची तीन किंवा ९ आणि १८ होलच्या फेऱ्यांची मिळून असू शकतात. प्रत्येक कार्डावर खेळाडूची आणि मार्करची (तिचा स्कोअर लिहून घेणाऱ्या व्यक्तीची) पडताळणी असली पाहिजे. पुढे नोंद वाढत गेली की शेवटच्या २० फेऱ्यांतील सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून इंडेक्स ठरतो. स्पर्धेबाहेर मैत्रिणींबरोबर खेळलेली फेरीही यात धरली जाते, मात्र ती हँडिकॅपसाठी खेळत आहोत अशी नोंद खेळ सुरू होण्यापूर्वी करावी लागते. फेरी चांगली झाली म्हणून नंतर नोंदवली आणि वाईट झाली म्हणून सोडून दिली, अशी सोय या पद्धतीत नाही; आणि ती नसणे योग्यच आहे.

या पद्धतीत इंडेक्सची कमाल मर्यादा ५४ आहे. काउंटीच्या अनेक स्पर्धांत मात्र ३६ पर्यंतच्याच हँडिकॅपवर प्रवेश मिळतो किंवा त्यापुढचे फटके धरले जात नाहीत. शिवाय मागील बारा महिन्यांत ठरावीक संख्येने फेऱ्या नोंदवलेल्या असाव्यात, अशी अटही काही आयोजक घालतात. आजारपणामुळे किंवा भारतातील दीर्घ मुक्कामामुळे वर्षभर कार्ड न दिलेल्या महिलेचा इंडेक्स पडद्यावर दिसत असला, तरी तो या अटीत बसेलच असे नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी आपली नोंद इंग्लंड गोल्फच्या अॅपमध्ये उघडून शेवटच्या फेऱ्यांच्या तारखा पाहाव्यात.

फॉर्ममध्ये मागतात तो हँडिकॅप इंडेक्स, आणि स्पर्धेच्या दिवशी मिळतात ते त्या मैदानाचे फटके. या दोन आकड्यांची गल्लत फार होते. समजा, एखादीचा इंडेक्स २४.६ आहे, आणि महिलांसाठी त्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मैदानाचे स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला मैदान किती अवघड जाते याचा आकडा) १२८, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागतील असे फटके) ७२.४ आणि पार (मैदानासाठी ठरवलेले फटके) ७३ आहे. २४.६ ला १२८ ने गुणून ११३ ने, म्हणजे प्रमाण स्लोप रेटिंगने, भागले की २७.८७ येतात. त्यात कोर्स रेटिंग आणि पार यांमधील फरक, म्हणजे उणे ०.६, मिळवला की कोर्स हँडिकॅप २७ ठरतो. हा फरक मिळवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून आली. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या स्पर्धेत) याच्या ९५ टक्के फटके मिळतात, म्हणजे २६. अर्जात मात्र २४.६ हाच आकडा लिहायचा असतो.

पुण्यात, चेंबूरला किंवा खारघरला खेळून भारतात अधिकृत हँडिकॅप मिळवलेल्या महिलेने इंग्लंडमध्ये आल्यावर कोरी पाटी घेऊन सुरुवात करू नये. एका खेळाडूचा एकच इंडेक्स असावा, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. त्यामुळे जुन्या क्लबकडून फेऱ्यांचा पूर्ण तपशील लेखी मागवून नव्या क्लबच्या हँडिकॅप समितीकडे द्यावा. जुना हँडिकॅप न सांगता नवा, अधिक सैल (जास्त फटके देणारा) इंडेक्स घेतला आणि पुढे ते उघड झाले, तर समिती कारवाई करू शकते.

अर्जासोबत काय लागते

नोंदणीच्या अर्जात नाव, जन्मतारीख, होम क्लब, राष्ट्रीय सदस्य क्रमांक, सध्याचा इंडेक्स आणि संपर्काचा तपशील मागतात. हा राष्ट्रीय क्रमांक क्लबने दिलेल्या सदस्य क्रमांकापेक्षा वेगळा असतो. तो अॅपमध्ये सापडतो आणि क्लबच्या कार्यालयातूनही मिळतो. वयाचा पुरावा मागितल्यास पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत चालते. काही संघटनांना सूचक आणि अनुमोदक लागतात, आणि त्या दोघी आधीपासून सदस्य असाव्या लागतात; क्लबच्या लेडी कॅप्टनशी (महिला विभागाच्या प्रमुखाशी) बोलले की ही नावे सहसा लगेच मिळतात. सदस्यसंख्येवर मर्यादा असेल, तर अर्ज प्रतीक्षा यादीत जातो. अशा वेळी अर्ज पोहोचल्याची लेखी पोच मागून ठेवावी. वर्गणी बँकेतून पाठवताना संदर्भाच्या जागी आडनाव आणि सदस्य क्रमांक लिहावा.

संघटनेची वर्गणी भरल्याने स्पर्धेत नाव लागत नाही. प्रत्येक स्पर्धेचा प्रवेश स्वतंत्र असतो, त्याचे शुल्क वेगळे असते आणि त्याची अंतिम मुदत कधी कधी स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधीची असते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर कुठे सोडत काढतात आणि कुठे कमी हँडिकॅपच्या खेळाडूंना आधी घेतात. हे स्पर्धेच्या अटींत लिहिलेले असते. मुदतीनंतर माघार घेतल्यास शुल्क बहुधा परत मिळत नाही. शुल्कात जेवण धरलेले असेल, तर शाकाहारी असल्याची नोंद त्याच फॉर्ममध्ये करावी; त्या दिवशी सकाळी सांगितले, तर उकडलेल्या बटाट्यांवर भागवावे लागण्याची तयारी ठेवावी.

चालण्यास अडचण असलेल्या महिलांना बगी (मैदानात फिरायची छोटी गाडी) हवी असेल, तर तिची मागणीही प्रवेशाबरोबरच करायची असते. काही आयोजक डॉक्टरांचे पत्र मागतात, काहींना खेळाडूचे लेखी निवेदन पुरते. बग्यांची संख्या मर्यादित असते आणि पावसाने मैदान भिजले, तर क्लब त्या दिवशी बगी बंदही करू शकतो. म्हणून पर्यायी व्यवस्था काय असेल, हे आधीच विचारून घ्यावे.

काउंटीच्या संघासाठी मात्र कोणताही अर्ज नसतो. शेजारच्या काउंटीशी होणाऱ्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी आपण कोणत्या तारखांना मोकळ्या आहोत, हे व्हेटरन कॅप्टनला कळवायचे असते. आंतरकाउंटी स्पर्धेसाठीची निवड बहुतांशी हँडिकॅप आणि हंगामातील स्कोअर पाहून होते.

स्पर्धेनंतर सादर करायचे स्कोअरकार्ड हाही एक कागदच आहे, आणि तो अनेकींना महागात पडतो. २०२३ च्या नियमांनुसार कार्डावर आपला हँडिकॅप लिहिण्याची जबाबदारी खेळाडूवर राहिलेली नाही, परंतु प्रत्येक होलचा स्कोअर बरोबर असणे आणि कार्डावर स्वतःची व मार्करची सही असणे ही जबाबदारी अजूनही तिचीच आहे. बक्षीस मिळाले, तर त्याची किंमत ७०० पौंडांच्या आत आहे ना, हे पाहावे. हौशी दर्जासाठी हीच मर्यादा आहे.

नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. मधल्या काळात होम क्लब बदलल्यास ते काउंटीच्या सचिवांना स्वतंत्रपणे कळवावे, कारण क्लबमधील बदल संघटनेच्या यादीत आपोआप उमटेल असे गृहीत धरता येत नाही. नवा क्लब दुसऱ्या काउंटीत असेल, तर तिथे नव्याने अर्ज करावा लागतो.